परतीच्या वाटेवरचा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. गंजलेला, डोकं झिजलेला, कंबरेतून तुटलेला. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात. मलाही तसं होता आलं असतं. पण आज मी रागावलो आहे, आणि राग गिळून गोड बोलायची माझी तयारी नाही. पंधरा वर्षं मी गप्प होतो, कारण बोल्टाला तोंड नसतं. आता ऐकाच.

कारंजा लाडच्या बाजारात, धान्याच्या आडतीमागच्या गल्लीत एक हार्डवेअरचं दुकान आहे. तिथल्या पत्र्याच्या डब्यात मी माझ्या शंभर भावंडांसोबत पडून होतो. एके दिवशी रज्जाकचाचांचा हात डब्यात आला. रज्जाकचाचा म्हणजे ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, जे आणाल त्याची वायरिंग करणारे कारागीर. बोटं ऑइलनं काळी, नखं मात्र स्वच्छ. त्यांनी मला अंगठ्यावर गोल फिरवलं, माझे आटे उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "हा चालन." माझं बारसं तेवढंच.

इंझोरीच्या पुढे धरणाचं पाणी पसरलेलं आहे. पाण्याच्या अलीकडे आमचा तांडा, पलीकडे कपाशीची रानं. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा. म्हणून दोन्ही काठांच्या लोकांनी मिळून एक समिती केली आणि एक लोखंडी नाव घेतली. तिला जुनं डिझेल इंजिन बसवलं, बॅटरी बसवली, आणि दिवे लावायला रज्जाकचाचांना बोलावलं. समोर एक मोठा दिवा. डाव्या बाजूला लाल काचेचा, उजव्या बाजूला हिरव्या काचेचा.

नावेच्या नाकाशी, मोठ्या दिव्याच्या बरोबर खाली, चाचांनी लोखंडावरचा रंग खरवडला. लोखंड चांदीसारखं उघडं पडलं. तिन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी त्यांनी तिथं एकत्र आणल्या, वायरींच्या टोकांना तांब्याचं कडं लावलं, आणि ते कडं माझ्या गळ्यात घालून मला घट्ट आवळलं. वरून ग्रीस फासलं. मग नावाडी गोपीचंदला जवळ बोलावून ते म्हणाले, "हा बोल्ट पाहून ठेव, बापा. याले कोनी ढिला नाही करायचा. वर्साकाठी एकदा उघडून घासायचा, ग्रीस लावायचा, आवळायचा. बस."

मित्रांनो, माझं काम काय ते नीट समजून घ्या, म्हणजे माझा रागही समजेल. बॅटरीतून वीज लाल वायरीनं निघते, दिव्यात जाते, उजेड देते. पण तिला परत घरी यावं लागतं. ती येते काळ्या वायरीनं, माझ्यातून, नावेच्या लोखंडातून, पुन्हा बॅटरीत. परतायची वाट नसेल तर वीज घरातून पाऊलच बाहेर टाकत नाही. जाणाऱ्या विजेचा उजेड सगळ्यांना दिसतो. परतणाऱ्या विजेचा उंबरठा मी होतो, आणि उंबरठ्याकडे बघतो कोण?

तरी ते दिवस चांगले होते. गोपीचंदच्या डोळ्यांत मोतिबिंदू उतरला तेव्हा त्याची बायको कमलीबाई सुकाणूवर बसली. आधी लोक हसले. मग सवय झाली. मग अशी वेळ आली की कमलीबाई आजारी पडली तर बाया नावेत बसायला कचरत. पाण्याखाली कुठे कुठे बुडालेल्या बाभळींची खोडं उभी आहेत हे तिला तोंडपाठ होतं. थंडीत कपाशीची वेचणी सुरू झाली की वीस-बावीस बाया पहाटे तिच्या नावेतून पल्याड जात आणि कापूस तोलून झाला की सांजेला परत येत. मोठा दिवा पिवळा उजेड पाण्यावर टाकी आणि रंजीता नावाची एक चुणचुणीत बाई गाणं उचले:

"दिवा नावेच्या तोंडाशी, पाणी झालं व पिवयं,
हाक मार कमलीबाई, माहं घर आलं जवयं."

साऱ्या जणी ते झेलत. गाण्यात दिवा होता, पाणी होतं, कमलीबाई होती. बोल्ट नव्हता. मला तेव्हा त्याचं वाईट वाटलं नाही. खरंच सांगतो. त्यांच्या पायांचा कंप मला लोखंडातून कळायचा, हसू कळायचं, तेवढ्यावर मी खूश होतो.

मग समितीचा अध्यक्ष बदलला. भाऊसिंग अध्यक्ष झाला. माणूस वाईट नाही, हे मी रागातही कबूल करतो. नावेवर त्याचा जीव. दर शनिवारी सकाळी तो ताजं लिंबू आणि सात मिरच्या तारेत ओवून आणी, नजर लागू नये म्हणून. माळ लटकवायला त्याला नावेच्या नाकावर काहीतरी पुढे आलेलं हवं होतं. पुढे आलेलो कोण? मीच. तो पक्कडीनं मला ढिला करी, तारेचा फास माझ्या गळ्यात, त्या तांब्याच्या कड्याच्या खाली सारी, आणि मला पुन्हा पिळी. पण पुरतं नाही. हात जोडायची घाई असे. डोळे मिटून तो नमस्कार करी, आणि लिंबाचा रस तारेवरून उतरत माझ्या अंगात झिरपे.

सांगा, कुणाच्या जखमेवर लिंबू पिळून त्याला नमस्कार करतात का? पहिल्याच वर्षी माझं ग्रीस गेलं. दुसऱ्या वर्षी तांब्याच्या कड्यावर हिरवी बुरशीसारखी पुटं चढली. तिसऱ्या वर्षी माझे आटे झडायला लागले. वर्साकाठी एकदा उघडून घासायचा, हे चाचांचं सांगणं गोपीचंदच्या डोळ्यांसोबतच अंधारात गेलं. ज्याला दर आठवड्याला हळदकुंकू लागतं, त्याला कानस कोण लावणार?

तरी पिवळे बल्ब निभावून नेत. ते भरपूर वीज खाणारे, दांडगे. माझ्या गंजातूनही वीज ओढून घेत. उजेड जरा मंद होई. कधी दिव्यानं डोळा मारलाच तर कमलीबाई उठून त्याला थापड देई, "आता काय झोपतं का रे?" आणि दिवा पुन्हा जागा होई.

यंदा दिवाळीनंतर बॅटरी थकली. दिवे तासभर जळले की इंजिन सुरू करणारा सेल्फ-स्टार्टर फिरायला ताकद उरेना. भाऊसिंगनं ठरवलं, एलईडी बसवायचे. विचार चांगला होता. एलईडी थोडक्या विजेत भागवतो. पण त्यानं रज्जाकचाचांना बोलावलं नाही. मोबाइलवर बल्ब मागवले आणि पुतण्या सोमलाला घेऊन स्वतःच बसवायला आला.

मोठ्या दिव्यात एलईडी घातला. पेटेना. एलईडीला वायर उलटी चालत नाही, मित्रांनो, सुलटी लागते. दोन वायरींची अदलाबदल केली असती तर काम झालं असतं. पण सोमलानं एक क्षण बघितलं, "नासका निघाला," म्हणाला, आणि कोरा बल्ब धरणात भिरकावून दिला. टुपूक! मी जागेवरच चरफडलो. मग दुसरा लावला, तो योगायोगानं सुलटा बसला आणि झगझगला. दोघांनी टाळी दिली. मग लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला. उजेड लाल येईना. जत्रेतल्या बर्फगोळ्यासारखा फिका गुलाबी आला.

"हे काय व?" सकाळी नावेत चढता चढता रंजीता म्हणाली. "नावेनं लिपिष्टिक लावली का काय?"

बाया हसल्या. भाऊसिंगला ते लागलं. शेवटी शुक्रवारी रज्जाकचाचांना बोलावणं गेलं.

चाचा आले, गुडघे धरत नावेत उतरले. लाल काच काढली आणि म्हणाले, "पिवळ्या बल्बाच्या पोटात लाल रंग भरपूर असते. या पांढऱ्यात नसते. लाल काचंमागं लालच एलईडी लावा, हिरव्यामागं हिरवा." त्यांनी पिशवीतून तसे काढून लावले. डावीकडे डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल पेटला, उजवीकडे कोवळ्या पानासारखा हिरवा. मोठा दिवाही शुभ्र लागला. शुक्रवार होता ना! आठवड्याचा फास माझ्या गळ्यात सुकून घट्ट चिकटला होता, म्हणून वाट कशीबशी उघडी होती.

जाता जाता चाचा वाकले. त्यांचं लक्ष माझ्याकडे वळलं. मी म्हटलं, आता! आता हे मला उघडतील, घासतील. त्यांचा हात पुढे आला, आणि लिंबाला लागायच्या आत थबकला. "खाली अर्थिंगचा बोल्ट हाय," ते कमलीबाईला म्हणाले, "पण ते तुमची पूजा हाय. मी नाही हात लावत. बोल्ट दुखत असन तर तुमीच पाहा."

कमलीबाई म्हणाली, "मीबी नाही लावत, चाचा. माळ अध्यक्षच बांधते, तेच सोडते. दिवा तं लागला ना?"

किती चांगली माणसं! एकानं दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखला, दुसरीनं तिसऱ्याच्या हक्काचा. आणि त्या मानाखाली मी सडत राहिलो. रागाचं कारण विचारता ना मला? वाईट माणसांवर रागावणं सोपं असतं. चांगल्यांवर रागावताना छाती फुटते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. भाऊसिंगनं मला ढिला केलं, जुनी माळ पाण्यात टाकली, नवी घातली, अर्धवट पिळलं, नमस्कार केला. सांजेला कमलीबाई बावीस बायांना घेऊन परत निघाली. वारा सुटला होता. लिंबू हलायला लागलं. त्याच्या तारेसोबत तांब्याचं कडं हललं. एलईडी हा अल्पसंतुष्ट पण नाजूक जीव. वाट जराशी अडली की तो मिचकावतो, जास्त अडली की विझतो. दांडग्या पिवळ्या बल्बासारखा गंजातून धक्का मारून जायची त्याची ताकद नाही. दिवा लागला, विझला, लागला, विझला.

"कमले, दिव्याले काय झालं व?"

"बसून राहा गं. हलू नका कोनी."

मग तिन्ही दिवे एकदम गेले. बुडालेल्या बाभळींच्या मधोमध. कमलीबाईनं इंजिन बंद केलं, पण नाव वेगात होती. खोडाला धडकली. नावेच्या काठावर बसलेली रंजीता पाण्यात पडली.

मित्रांनो, मी लोखंड आहे, मला बुडायची भीती नाही. पण त्या वेळी तिचं ओरडणं आणि मग ओरडणं बंद होणं, दोन्ही मी ऐकलं. कमलीबाईनं लांब वल्हं पाण्यावर धरलं आणि हाका मारत राहिली, "लाकूड धर, रंजे! माह्या आवाजाकडे ये!" बायांनी तिला ओढून वर घेतलं. जीव वाचला. मनगट मोडलं होतं. ऐन वेचणीत कापूस वेचणाऱ्या बाईचं मनगट.

रविवारी सकाळी घाटावर समिती बसली. भाऊसिंग पहिल्यांदा बल्बांवर रागावला. मग रज्जाकचाचांवर घसरला. "त्या बुढ्यानं काय केलं काय माहीत. शुक्रवारी हात लावला अन् शनिवारी दिवा गेला." चाचा तिथं नव्हते. नसलेल्या माणसावर दोष टाकायला किती हलकं वाटतं!

आणि मग सोमला बोलला. पुतण्याला नाव चालवायची हौस केव्हापासूनच होती. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "खरं सांगू का काका? सुकाणूवर बाई बसून राह्यली, म्हणून हे होऊन राह्यलं. कितीक लिंबं बांधसान? नजर बाहेरची नाही, नावेतच बसली हाय."

कुणी त्याला गप्प केलं नाही. एकानंही नाही. ज्यांच्या बायका, सुना, बहिणी त्या नावेतून चार वर्षं सुखरूप आल्या-गेल्या होत्या, ते पुरुष बिड्या ओढत पाण्याकडे बघत राहिले.

कमलीबाई उभी राहिली. "चार वर्सं मी हाकली, तवा कोनाची नजर होती रे सोमला? दिवा गेला तं दिव्यात पाहा ना. माह्या कुंकवाकडं कायले पाहतं?"

"वाद नको," भाऊसिंग म्हणाला. "शनिवारपासून सुकाणू सोमलाकडं. तोवर उन्हाउन्हात फेऱ्या कर. पहाटची अन् सांजची बंद." आणि उठला, आणि काय केलं असेल? नावेवर आला, मला ढिला केलं आणि पाच लिंबांची जाड माळ माझ्या गळ्यात बांधली.

पाच! मी ओरडलो असतो तर तांडा हादरला असता. अरे, दोष इथं आहे, तुझ्या हाताखाली, तुझ्या बोटांना हिरवा गंज लागला तो बघ! त्यानं बोटं धोतराला पुसली आणि नमस्कार केला.

त्या आठवड्यात बाया उशिरा जात आणि लवकर परतत; अर्धा कापूस झाडावरच राही. पहाटेची फेरी कायमची गेली तर त्यांची वेचणी गेली, आणि सुकाणू गेलं तर कमलीबाईच्या हाती फक्त तो बोल उरणार होता: हिची नजर लागली. तांड्यात असा बोल एकदा चिकटला की गंजासारखा आत जातो. हे मला ठाऊक आहे.

बुधवारी तिनं स्वतः निरोप धाडून रज्जाकचाचांना बोलावलं. चाचांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. तरी आले. पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे दोन वायरींचा एक छोटा दिवा. एक टोक मोठ्या दिव्याच्या लाल वायरीला लावलं, दुसरं तिथल्याच काळ्या वायरीला. टेस्ट लॅम्प मिचकावला. मग दुसरं टोक तिथून काढून थेट इंजिनाच्या लोखंडाला लावलं. टेस्ट लॅम्प लख्ख लागला, हललाही नाही.

"पाहा, बाई," ते म्हणाले. "बॅटरी चांगली, लाल वायर चांगली, बल्ब चांगला. दोष परतीच्या वाटेत हाय."

"म्हंजे कुठं?"

चाचांनी बोटानं माझ्याकडे दाखवलं. लांबूनच. "लिंबाखाली. त्या दिवशी लाजेनं हात नाही लावला, ते माही चूक. आज हात लावू का? आज लावला तं उद्या म्हनतीन, रज्जाकनं आमची माळ तोडली."

वाऱ्यानं माळ डावीकडे सरकली तेव्हाच टेस्ट लॅम्प मिचकावला होता, हे कमलीबाईनं हेरलं. मग म्हणाली, "नका लावू. मीबी चोरून नाही लावत. ज्यानं बांधली त्यानंच सोडावी, अन् सगळ्याच्या समोर. शनिवारी पहाटे या, चाचा. नवा बोल्ट घेऊन या."

शनिवारी पहाटे धुकं होतं. बाया अंधारातच येऊन नावेत बसल्या. कमलीबाईनं घरोघर सांगून ठेवलं होतं. रंजीताही आली, गळ्यात बांधलेला प्लास्टरचा हात घेऊन. "वेचता येत नाही तं पाहता तं येते ना," ती म्हणाली. सोमला नवा स्वेटर घालून सुकाणू घ्यायला आला. मागून भाऊसिंग आला, हातात ताजी माळ. काठावर रज्जाकचाचा उभे असलेले बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

कमलीबाईनं इंजिन सुरू केलं, दिवे लावले. मोठा दिवा थरथरत लागला.

"दादा," ती म्हणाली, "जुनी माळ सोडायच्या आधी जराशी डावीकडं सरकवा."

"काहून?"

"सरकवा तं."

त्यानं माळ सरकवली. तिन्ही दिवे गेले.

"आता उजवीकडं."

दिवे लागले.

"पुन्हा डावीकडं."

गेले.

"अवो दादा," रंजीता म्हणाली, "तुमी तं दर शनिवारी बटन बांधून राह्यले होते!"

नावेत हसू फुटलं. भाऊसिंग हसला नाही. तो माळ धरून उभाच राहिला, पुन्हा एकदा सरकवली, स्वतःसाठी, आणि दिवे पुन्हा गेले. मग त्यानं खिशातून पक्कड काढली, माळ बाजूला केली आणि मला फिरवलं. मी आता फिरण्यासारखा राहिलो नव्हतो. अर्ध्या फेऱ्यातच कंबरेत मोडलो. माझं डोकं त्याच्या तळहातावर पडलं. हिरवं, पांढरं, भुगा झालेलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला नीट बघितलं, तेही तुटल्यावर.

रज्जाकचाचा नावेत आले. जुनं कडं कापून टाकलं, नवं बसवलं. लोखंड कानशीनं घासून पुन्हा चांदीसारखं केलं. नवा, न गंजणारा बोल्ट आवळला, वर ग्रीस थापलं. आणि दोन वीत बाजूला, लाकडी फळीवर, माळेसाठी एक वेगळा हूक ठोकला. "इथं बांधा. सुताच्या दोरीत बांधा, तारेत नाही. पूजाबी राहीन, दिवाबी राहीन."

दिवा लागला. धुक्यात दुधासारखा पसरला, आणि हलला नाही.

"झालं तं मंग," भाऊसिंग घसा खाकरून म्हणाला. "निघा. ऊन डोक्यावर येईन. आज माह्याच वावरात वेचणी हाय."

कमलीबाईनं इंजिन बंद केलं.

"काय झालं आता?"

"दिवा दुरुस्त झाला, दादा. माह्यावरचा बोल नाही झाला. या घाटावर, समितीसमोर बोलले होते. इथंच मागं घ्या."

सोमला म्हणाला, "काकू, कामाची वेळ हाय, जाऊ द्या ना."

"तू चूप," रंजीता म्हणाली. "तुह्याच तोंडातून निघालं होतं ते."

बावीस बाया नावेतल्या फळ्यांवर बसून राहिल्या. कुणी डब्याचं फडकं आवळलं, कुणी पदर कानावर ओढला, पण कुणी म्हणाली नाही की चल बाई, निघू. पूर्वेला उजाडायला लागलं. भाऊसिंगच्या वावरातला कापूस पलीकडे पांढरा होऊन वाट बघत होता. त्यानं माझं तुटलेलं डोकं हातात फिरवलं.

"दिवा बाईमुळं नाही गेला," तो शेवटी म्हणाला, हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "माह्या माळेनं गेला."

"चाचा उभे हायेत," कमलीबाई म्हणाली.

"रज्जाकचाचा, तुमच्यावर बोललो, ते चुकलो."

चाचांनी मान हलवली आणि पिशवी भरायला लागले. सोमला घाटाच्या पायऱ्या चढून निघून गेला होता. कमलीबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली, मग तिनं इंजिन सुरू केलं. सुकाणू तिच्या हातात होतं. कुणी मागितलं नाही.

माझे दोन तुकडे आता इंजिनाजवळच्या हत्यारांच्या डब्यात आहेत. तिथून मला दिवा दिसत नाही, पण दर पहाटे, दर सांजेला सगळ्या जणी पोचतात हे ऐकू येतं. तुम्ही म्हणाल, झालं की मग, आता राग कशाला? मित्रांनो, राग आहे. रंजीताचं मनगट वाकडं जुळलं आहे. सोमला अजून तो शब्द परत घ्यायला घाटावर आलेला नाही. आणि मी, ज्याला वर्षातून एकदा चिमूटभर ग्रीस पुरलं असतं, तो डब्यात तुटून पडलो आहे.

तुमच्या घरी, शेतात, शाळेत, जिथं जिथं उजेड आहे तिथं कुठेतरी वाकल्याशिवाय न दिसणारा एक बोल्ट असतो. त्याला फुलं नको आहेत. त्याला घासा, आवळा, वर्षातून एकदा उघडून बघा. आणि एखाद्या संध्याकाळी दिवा विझलाच, तर आधी पाना हातात घ्या, गुडघ्यावर बसा आणि सगळी वाट तपासा, जायचीही आणि यायचीही. तेवढे कष्ट नको असतील तर अंधारात बसा. पण त्या अंधारात, नाव हाकणाऱ्या बाईकडे बोट दाखवू नका.